पाठ करून घेतलेली तपासणी

“एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगा,” असं मिरजेच्या डॉक्टरीणबाई माझ्या भावाला म्हणाल्या, तेव्हा मला हसू आलं होतं. माझा भाऊ छप्पन्न वर्षांचा, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आणि त्याला विचारायचं काय, तर बालवाडीतला प्रश्न. मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसले होते. भावजय दाराशी पिशवी धरून उभी होती. डॉक्टरांनी मोबाइलवर वेळ लावली.

“गाय,” तो म्हणाला. “म्हैस. बैल. शेळी. कुत्रं. मांजर.” मग थांबला. पंख्याकडे बघत राहिला. “घोडा.” परत थांबला. कपाळावर घाम आला होता. “गाय,” तो म्हणाला.

“गाय झाली,” मी हळूच म्हणाले.

“तुम्ही बोलू नका बाई,” डॉक्टर म्हणाल्या.

मिनिट संपलं तेव्हा तो दहापर्यंतही पोचला नव्हता. माझं हसू कधीच विरलं होतं. त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत जे झालं त्यात माझा हात होता. हे आजवर मी तिघांना सांगितलंय, तेही तोंडी. लिहून काढायचा धीर आत्ता होतोय.

भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मी साताऱ्यात हायस्कूलला गणित शिकवलं, तिथूनच निवृत्त झाले. मिस्टर गेल्यापासून एकटीच असते. भाऊ आमच्या गावी, इस्लामपूरजवळ. त्याचं आणि गणिताचं कधी जमलं नाही. दहावीला मी त्याच्याकडून उदाहरणं अक्षरशः घोकून घेतली होती. पद्धत कळो न कळो, आकडे बदलून तेच गणित आलं की हात आपोआप चालला पाहिजे, अशी तयारी. तो काठावर पास झाला आणि भरतीला उभा राहिला. लष्करात त्याला गाडी मिळाली. लेह-लडाखच्या रस्त्यांवर त्याने वीस वर्षं ट्रक चालवले आणि गाडीला एक ओरखडा उठू दिला नाही. हे तो कुणालाही सांगायचा. पाहुण्यांना, एसटीत शेजारी बसलेल्याला, माझ्या शाळेतल्या शिपायाला.

निवृत्त झाल्यावर घरचा ऊस होताच, तरी त्याने जीप घेतली आणि गाव ते इस्लामपूर वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं ने-आण करणं, सुरू केलं. त्याची त्याला गरज नव्हती. पण स्टिअरिंगशिवाय त्याला करमायचं नाही. कोण म्हातारी कुठल्या वस्तीवर उतरणार, कॉलेजच्या मुली कुठल्या चौकात, सगळं तोंडपाठ. कुणाला “इथं थांबवा” म्हणायला लागायचं नाही.

मग त्याच्या पायांना सूज आली आणि पोट वाढायला लागलं. गावाने लगेच ठरवून टाकलं, की मिलिटरीची रम अंगाला लागली. खरं तर त्याने कँटीनमधला रमचा कोटा कधी नीट वापरलाही नव्हता, तो बाकीच्यांना देऊन टाकायचा. मिरजेला तपासण्या झाल्या, दुर्बीण घालून झाली, तेव्हा कळलं की बरीच वर्षं अंगात साखर आणि लिव्हरवर चरबी होती आणि त्यातून सिरॉसिस झालाय. पोटातलं पाणी गोळ्यांनी उतरलं. मीठ बंद झालं. तो पुन्हा जीपवर बसायला लागला. आम्हाला वाटलं, निभावलं.

भावजयीला तसं वाटत नव्हतं. ती सातवी शिकलेली, बोलायला कमी. ती मला वन्सं म्हणते आणि अजूनही माझ्यासमोर खुर्चीवर बसायला संकोचते. त्या पावसाळ्यात तिने मला दोन-तीनदा फोन केला, आणि एरवी ती आपणहून कधी करत नसे.

“आवं वन्सं, ह्येंचं कायतरी बिनसलंय,” ती म्हणाली. “दिसाला झोपत्यात आन रातीला टक्क जागं. परवा मळ्याकडच्या म्हातारीला फुडं फाट्यावर न्हेऊन सोडलं. दाढी आर्दी करून तशीच हिंडत व्हते.”

“वय झालं की होतं तसं,” मी म्हणाले. “आणि एवढं दुखणं काढलंय त्यानं.”

“वयाचं न्हाई वाटत. बोलत्यात, खात्यात, समदं हाय. पर मान्सात कायतर कमी आल्यागत वाटतंय.”

मी तिला समजावलं. मला समजावायची सवय आहे. तीस वर्षं तेच केलं. तिने “बरं” म्हणून फोन ठेवला. पण पुढच्या तपासणीला मिरजेला गेलो तेव्हा तिने डॉक्टरांना हेच सगळं, मान खाली घालून का होईना, सांगितलं. त्यावरून त्या प्राण्यांच्या नावांचा विषय निघाला.

नावं घेऊन झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं. हे मला मुद्दाम लिहायला हवं, कारण ‘मला कुणी सांगितलं नव्हतं’ असं म्हणायची सोय मला नाही. त्या म्हणाल्या, लिव्हर खराब झालं की रक्तातली घाण नीट साफ होत नाही आणि ती मेंदूपर्यंत जाते. काही पेशंट बरळतात, माणसं ओळखत नाहीत, ते कुणालाही कळतं. पण काही जण वरून अगदी व्यवस्थित असतात. फक्त आतून लक्ष आणि चपळाई कमी झालेली असते. नुसतं बघून ते मलाही सांगता येत नाही, म्हणून ते शोधावं लागतं.

“गाडी चालवता?” त्यांनी भावाला विचारलं.

“चालवितो. वडाप हाय.”

“मग ही तपासणी व्हायलाच पाहिजे. आज तुम्ही प्रवासाने दमलाय, त्यामुळे नुसत्या या एका मिनिटावर मी काही ठरवत नाही. पंधरा दिवसांनी या. प्राणी परत विचारीन आणि एक कागद देईन, त्यावर एक ते पंचवीस आकडे विखुरलेले असतात, ते पेन्सिलीनं क्रमानं जोडायचे. त्यात काही निघालं तर औषध सुरू करू. तोवर मात्र गाडी चालवायची नाही.”

यातलं औषधाचं वाक्य मी ऐकलंच नाही असं म्हणता येणार नाही. ऐकलं. पण मनात राहिलं ते शेवटचं, गाडी चालवायची नाही.

परत येताना जीप बरोबर आलेल्या गावातल्या एकाने चालवली. भाऊ मागे माझ्याजवळ बसला. बाहेर बघत, माझ्याकडे न वळता म्हणाला, “आक्का, मला जनावरांची नावं येत न्हाईत व्हय गं?”

“येतात रे.”

“शेतकऱ्याचा पोरगा मी. मला म्हैशीच्या फुडं काय सुचंना.” थोड्या वेळाने म्हणाला, “गाडी काढून घेटली तर मी काय करायचं? कट्ट्यावर बसून ऱ्हायाचं?”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आई गेली तेव्हाही तो रडला नव्हता. मी त्याचा हात धरला आणि म्हणाले, “पंधरा दिवस माझ्याकडे चल. मी तयारी करून घेते तुझी.”

पुढे बसलेल्या भावजयीने मागे वळून पाहिलं.

तो साताऱ्याला आला. डॉक्टरांच्या टेबलावर तसला आकड्यांचा एक कागद पडलेला होता. त्या बोलत असताना मी तो समोरून उलटा वाचला होता, आणि कुठला आकडा साधारण कुठे हे माझ्या लक्षात राहिलं होतं. तीस वर्षं फळ्यावर आलेख काढणारीला ते अवघड नव्हतं. घरी आल्या आल्या मी बाटलीच्या झाकणाने गोल काढून तसा कागद तयार केला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच्या प्रती काढून आणल्या.

पहिल्या दिवशी त्याला दोन मिनिटांच्या वर लागली. बारापर्यंत ठीक गेला. तेरा त्याच्या पेन्सिलीच्या अगदी वर होता आणि त्याला दिसत नव्हता. पेन्सिल हवेत फिरत राहिली. मी बोटाने दाखवला. “आरं तिच्या,” म्हणून तो हसला.

आम्ही सकाळी चहानंतर तीन कागद आणि दुपारी झोप झाल्यावर तीन करायचो. मी त्याला वाट पाठ करून दिली. एक खाली डावीकडे, मग वर, मग कोपऱ्यात, तिथून तिरकं. जसा लेहचा रस्ता ध्यानात ठेवायचास तसा ठेव, म्हणाले. त्याला ते आवडलं. “म्हंजे बाराव्या आकड्याला वळण हाय, आन सतराला घाट,” म्हणायचा. प्राण्यांचीही मी उतरंड लावून दिली. आधी गोठ्यात जा, मग परसात, मग उसाच्या फडात, मग जंगलात, शेवटी पाण्यात. गोठ्यातली सहा, परसातली चार, फडातलं रानडुक्कर, कोल्हा, ससा, मुंगूस. तो डोळे मिटून म्हणायचा, आणि पाण्यातल्या मगरीपर्यंत पोचला की मला टाळी द्यायचा.

आठवड्यात तो पाऊण मिनिटावर आला. मला काय आनंद झाला! त्या दिवशी मी शिरा केला, त्याच्यापुरता साखरेवाचून.

पण त्या पंधरा दिवसांत मी दुसरंही काही पाहत होते. सकाळी कागद केल्याचं त्याला दुपारी आठवायचं नाही. फिरायला गेलो की पोवई नाक्यावर रस्ता ओलांडताना तो गाडी येताना बघायचा आणि तरीही एक पाऊल पुढे टाकायचा. एकदा त्याने चहात साखरेऐवजीची गोड गोळी टाकली, ढवळली, आणि परत टाकली, परत ढवळली.

आणि एक दुपार आहे, जी मी विसरू शकत नाही. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी आकडे वेगळ्या जागी मांडून नवा कागद काढला आणि न सांगता त्याच्यापुढे ठेवला. त्याची पेन्सिल सवयीने डावीकडे खाली गेली. तिथे एक नव्हता. तो गोंधळला. एक सापडला, दोन सापडला, मग सातवरून थेट अकरावर रेघ ओढली. अडीच मिनिटं झाली तेव्हा तो अठरापर्यंत आला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

“ह्यो कागद चुकीचा हाय आक्का,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हणाले. “माझीच चूक झाली.”

मी तो कागद चार घड्या घालून कचऱ्यात टाकला. माझा भाऊ आकडे जोडायला शिकलेला नाही, त्याने फक्त माझा एक कागद पाठ केलाय, हे त्या क्षणी मला स्वच्छ कळलं होतं. हाच फरक मी आयुष्यभर मुलांच्या पालकांना समजावून सांगत आले होते. संध्याकाळी मी त्याच्यापुढे पुन्हा जुना कागद ठेवला.

मिरजेला गेलो त्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. भावजय गावाहून थेट आली. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून कागद काढला. मी मान लांब करून पाहिलं, कागद तोच होता. भावाने पेन्सिल टेकवली आणि सुटला. बारावर वळला, सतरावर घाट चढला. प्राणी तर त्याने असे सांगितले की डॉक्टरांचं लिहिणं मागे पडलं.

त्यांना आनंद झाला, पण त्या थोड्या विचारातही पडल्या. “मागच्या वेळेपेक्षा खूपच फरक आहे,” म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, “असा कागद यांनी आधी कधी सोडवला होता का? घरी सराव वगैरे?”

“नाही,” मी म्हणाले.

भावाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर टेबलावर नेली.

डॉक्टर भावजयीकडे वळल्या. “आणि घरी कसे असतात आता?”

“घरी,” ती म्हणाली, “घरी न्हवते ह्ये, वन्संकडं व्हते. पर त्येच्या आदी...”

“अगं, आता आलं ना सगळं नीट,” मी मध्येच बोलले. “माझ्याकडे चांगले होते डॉक्टर. खाणंपिणं, झोप, सगळं व्यवस्थित.”

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की सध्या औषधात बदल नको, गाडी जपून चालवा, दूरवर नको, तीन महिन्यांनी परत बघू. बाहेर आल्यावर भावाने मला वाकून नमस्कार केला. भर दवाखान्यात. “दहावीला पास केलंस आन आज बी,” तो म्हणाला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला फार अभिमान वाटला होता, आणि तो खरा वाटला होता, हेही सांगायला हवं.

तीन महिन्यांची तारीख आली तेव्हा उसाची तोड चालू होती. तो फोनवर म्हणाला, तोडणीची टोळी फडात आहे, पुढच्या महिन्यात जाऊ. मीही आग्रह धरला नाही. मनातून मला ती तारीख टळलेलीच हवी होती.

अपघात जानेवारीत झाला, दुपारी चारच्या सुमाराला, लख्ख उजेडात. तो इस्लामपूरहून परत येत होता. पुढच्या सीटवर डाव्या बाजूला भावजय, मागे गावातल्या तीन बायका. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. ट्रॅक्टरवाल्याने हात दाखवला आणि कारखान्याच्या रस्त्याकडे वळायला लागला. मागच्या बायकांनी नंतर सांगितलं की त्यांनी ते लांबून पाहिलं होतं, ट्रॉली आडवी होताना पाहिली, आणि दादा आता ब्रेक मारतील, आता मारतील असं वाटत राहिलं. शेवटी त्या ओरडल्या. मग ब्रेक लागला, पण जीप डाव्या अंगाने ट्रॉलीत घुसली होती.

बायकांना मुका मार लागला. भावाला काहीच झालं नाही. भावजयीची मांडी आणि गुडघा चेचला.

मी मिरजेला पोचले तेव्हा तिला ऑपरेशनला नेलं होतं. भाऊ बाकावर बसला होता. शर्टावर उसाचं पाचट चिकटलेलं.

“मला दिसलं व्हतं आक्का,” तो म्हणाला. “ट्रॉली वळायलीया ह्ये मला दिसलं. ब्रेक माराय पायजे ह्ये बी कळालं. पर पाय हाललाच न्हाई. म्हंजे हालला, पर लय येळानं.” त्याने आपल्या उजव्या पायाकडे असं पाहिलं, जसं काही तो दुसऱ्या कुणाचा होता. “वीस वर्सं. लेहला बर्फावर गाडी घसरली तरी माजा पाय आदी जायाचा.”

लिव्हरच्या डॉक्टर त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर बसायच्या. दुसऱ्या दिवशी मी एकटी वर गेले. पेशंट संपेपर्यंत बाहेर थांबले आणि मग आत जाऊन सगळं सांगितलं. उलटा वाचलेला कागद, पंधरा दिवसांचा सराव, कचऱ्यात टाकलेला दुसरा कागद, आणि त्यांच्या तोंडावर बोललेलं ‘नाही’.

त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी पेनला टोपण लावून ते खाली ठेवलं.

“बाई, तुम्ही शिक्षिका ना?” त्या म्हणाल्या. आवाज वाढवला नाही. वाढवला असता तर बरं झालं असतं. “ही परीक्षा नव्हती हो. यात पास-नापास काही नव्हतं. तुमचे भाऊ हुशार आहेत का ढ, हे मी बघत नव्हते. थर्मामीटर बगलेत ठेवण्याआधी तुम्ही तो गार पाण्यात बुडवलात.”

“गाडी जाईल म्हणून...” मी म्हणाले.

“कदाचित महिना-दोन महिने गेली असती. मी औषध दिलं असतं, परत तपासलं असतं. साधं पातळ औषध आहे, गोड. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ होतं, आणि त्यातून ती घाण बाहेर पडते. पुष्कळांना फरक पडतो.” मग थांबून म्हणाल्या, “माझंही चुकलंच. त्यांच्या मिसेस काहीतरी सांगत होत्या, आणि मी तुमचं ऐकलं. आणि दुसऱ्या वेळेला दुसरा कागद वापरायला हवा होता.”

चुकीचा जो वाटा त्यांनी स्वतःकडे घेतला, तो मला परत घ्यावासा वाटला.

दोन दिवसांनी त्यांनी भावाला नव्या कागदावर बसवलं. मी खोलीत नव्हते, त्यांनीच मला बाहेर थांबायला सांगितलं. निकाल मला आधीच ठाऊक होता. औषध त्याच दिवशी सुरू झालं. आधी तो कुरकुरला, सारखं संडासला पळावं लागतं म्हणून. मग साधारण तीन आठवड्यांनी मी गावी गेले तेव्हा तो अंगणात उभा राहून कुणाशी तरी फोनवर भांडत होता. उरलेल्या फडाच्या तोडणीची कारखान्याची चिठ्ठी लांबली होती आणि तो तारीखवार मुद्दे मांडत होता, एकामागून एक, न अडखळता. मी दारातच थांबले. हा माझा भाऊ गेले वर्ष-दीड वर्ष आमच्यात नव्हता, हे मला तो परत आल्यावर कळलं.

“डोक्यावरनं वलं घोंगडं काढल्यागत वाटतंय,” तो म्हणाला. “आक्का, मला कळतच नव्हतं की डोक्यावर कायतरी हाय.”

त्याला मी तेव्हा सांगितलं. दुसऱ्या कागदाचंही. तो म्हणाला, “तू माज्यासाटीच केलंस की.” त्याने ते इतक्या सहज माफ केलं, की त्या माफीचा मला काही उपयोग झाला नाही. मांडी त्याची मोडली नव्हती.

भावजयीला सांगायला मला आणखी आठ दिवस लागले. ती आतल्या खोलीत कॉटवर होती, पाय उशीवर, मांडीत रॉड. मी तिच्यासाठी पेज घेऊन गेले होते. वाटी तिच्या हातात दिली आणि बोलायला लागले. तिने दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला ठेवली.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली.

“कसं?”

“साताऱ्यासनं आल्यावर ह्येंच्या पिशवीत कागद घावलं. ढीगभर. आन झोपंत बी बोलायचं, कोल्हा, ससा, मुंगूस. तवाच कळालं तुमी पाठ करून घेटलंय.”

“मग बोलली का नाहीस? डॉक्टरांना फोन करायचास.”

“तुमी शिकल्याल्या. मला वाटलं, तुमाला कळत आसंल. आसंच करत्यात आसतील.” तिने पायावरचं पांघरूण सारखं केलं. “गप बसले ती माजी चूक हाय.”

“तुझी नाही गं. माझी आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने माझ्या डोळ्यांत डोळे घालून कधी पाहिलं नव्हतं.

“वन्सं,” ती म्हणाली, “त्या दिशी डाक्टरीणबाईनं मला इचारलं व्हतं. तुमाला न्हाई.”

मग म्हणाली, “पेज गार हुतीया,” आणि वाटी पुन्हा उचलली. मी तिच्या पायापाशी बसून राहिले. तिने ती सगळी संपवली, मला वाईट वाटू नये म्हणून असेल किंवा भूक होती म्हणून असेल. मला आता तिच्या मनातलं ओळखण्याचा भरवसा वाटत नाही.

जीप गेली. भाऊ आता गाडी चालवत नाही. डॉक्टरांनी पुढे परवानगी दिली असती कदाचित, पण त्यानेच नको म्हटलं. औषध तो वेळेवर घेतो. कधी पोट साफ झालं नाही की दोन दिवसांत तो जरा मंद होतो, आणि ते ओळखणं भावजयीकडे आहे. ती काही न बोलता बाटली त्याच्यापुढे आणून ठेवते. घरात पाणी तो भरतो, भाकरीचं पीठ तो मळायला शिकलाय. भावजय काठी घेऊन चालते. तिला खाली बसता येत नाही, म्हणून खुरपणीला जाता येत नाही, आणि बायकांच्या त्या ओळीत बसून हसणं-बोलणं हेच तिचं गाव होतं, हे मला कळायला फार उशीर झाला.

यंदा भाऊबीजेला दोघं एसटीने साताऱ्याला आले. मी ओवाळलं. भाऊ खूप बोलला, भावजय सोफ्यावर पाय लांब करून बसली होती आणि मी केलेल्या करंज्यांना चांगल्या झाल्यात म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. भावाने फलाट बरोबर शोधला, आधी चढून जागा धरली आणि खिडकीतून पिशवी मागून घेतली. भावजय दारापाशी आली. तिने आधी काठी वर दिली, मग दांडा धरला, धड पाय पहिल्या पायरीवर टेकवला आणि दुसरा मागून ओढून घेतला. मग दुसरी पायरी. मागे लोक खोळंबले होते. मी तिच्या कोपराला हात लावला.

“ऱ्हाऊ द्या वन्सं,” ती न वळता म्हणाली. “माजं मला जमतंय.”

मी हात काढून घेतला. ती आत जाऊन त्याच्याजवळ बसली. गाडी मागे सरकली, वळली, आणि गेली.